कोर्ट उठेपर्यंत

"पाणी मागून. आधी घाम."

मास्तर हे ओरडून सांगत नसत. मैदानाच्या कडेला उकिडवे बसून, तिकिटं पंच करायचा चिमटा हातात कट-कट वाजवत ते एवढंच म्हणायचे. आम्ही पोरं हातपंपाकडे एकदा बघून पुन्हा रेषेवर उभी राहायचो. खेळताना पाणी प्यालं की पोटात कळ येते, असं त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. त्या काळात आमच्या भागात सगळेच तसं मानायचे. तुमच्याही शाळेत कोणीतरी हे सांगितलं असेल, आणि तुम्हीही ते ऐकलं असेल.

ते शिक्षक नव्हते. एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे. सकाळची ड्युटी करून आले की खाकी शर्ट काढून बाभळीला अडकवायचे आणि बनियनवर मैदानात उतरायचे. शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. चिमटा दोनदा वाजला की थांबायचं, एकदा वाजला की चढाई करायची. कधीकधी गाडीतलं बोलणं मैदानावर यायचं. पकड करणारी पोरं मधल्या रेषेजवळ गोळा झाली की ते म्हणायचे, "आत सरका राव, मागं लई जागा हाय." आम्ही हसायचो. त्यांना आम्ही का हसतो ते कळायचं नाही, आणि कळलं की तेही हसायचे.

बेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीला कबड्डीचा संघ होता तो त्यांच्यामुळेच. ते घाटघरच्या मुक्कामी गाडीवर असायचे. संध्याकाळी गाडी लागली की ड्रायव्हर चुलीपाशी जाऊन बसायचा आणि हे तिथल्या पोरांचे खेळ बघत उभे राहायचे. असाच एक काटकुळा, वाऱ्यासारखा पळणारा मुलगा त्यांनी हेरला. त्याच्या आईला म्हणाले, पोरगं सुट्टीत माझ्याकडं राहील, माझ्या पोरांबरोबर जेवेल. आई म्हणाली, खेळून काय मिळतं? मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, "बनियन मिळतं, मावशी. मागं नंबर असतो." ते तिला का पटलं कोण जाणे, पण मुलगा आला. तो आमचा राखीव खेळाडू झाला. त्याची आठवण ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात त्याने काहीच केलं नव्हतं आणि तरीही सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं.

मी चढाईचा खेळाडू. बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या वस्तीतून संघात मी एकटाच होतो. मास्तरांच्या घरी सगळ्यांबरोबर एका पंगतीला जेवायला मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी कोपऱ्यात सरकलो होतो. त्यांनी काही भाषण केलं नाही. फक्त माझं ताट उचललं आणि स्वतःच्या ताटाशेजारी ठेवलं. भात वाढताना मात्र हात आखडला. "तुझं वजन वाढतंय, गड्या."

वजनाचं सांगायला हवं. त्या वेळी आमच्याकडचे सामने वजनी गटात व्हायचे. आमचा गट पंचेचाळीस किलोच्या आतला. सामन्याच्या सकाळी प्रत्येकाला काट्यावर उभं करायचे. काटा पुढे गेला की मुलगा बाद. त्यामुळे मास्तर आम्हाला दर रविवारी गावातल्या कांद्याच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये वजनाला न्यायचे. शेटला कौतुक होतं, आमच्या बनियनवर त्यांच्या दुकानाचं नाव होतं. कांद्याची सुकी टरफलं बाजूला सारून आम्ही अनवाणी पायांनी एकेक करून त्या मोठ्या काट्यावर चढायचो. माझे वडील त्याच शेडवर हमाल होते. काट्याची दांडी स्थिर झाली की तेच वजन मोठ्याने सांगायचे. माझ्या वेळी त्यांचा आवाज जरा जास्तच चढायचा. "चव्वेचाळीस!"

आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती आमच्या गावात लहान पोरालाही माहीत होती. शेटच्या काट्यावर बैल चढवला तर गोऱ्हा होऊन उतरतो, असं लोक म्हणायचे. शेतकरी कांदा घालायला आला की हा विनोद व्हायचाच. शेट स्वतः हसायचे. माझे वडील खाली बघून हसायचे. मास्तरही एकदा, आम्ही रांगेत उभे असताना, हे ऐकून खोकला येईपर्यंत हसले होते. आणि हसून झाल्यावर त्यांनी पुढच्या मुलाला म्हटलं, "चढ."

कांदा कमी भरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरंही कमीच भरत असतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज हे लिहिताना मला ते खरं वाटत नाही, पण तसंच झालं.

मी तेव्हा नववीत होतो. मंचरच्या पलीकडच्या एका गावात सामने होते, उन्हाळ्याचे दिवस. सकाळी तिथल्या काट्यावर उभा राहिलो तर दांडी शेहेचाळिसावर. बाकीची पोरं मुळात हलकी होती, ती निभावली. मी काठावरचा, मीच अडकलो. मास्तरांनी मला उतरवलं, खिसे तपासले, पुन्हा चढवलं. पंचांनी सांगितलं, बाराच्या आत परत वजन करून घेऊ, नाहीतर दुसरा मुलगा द्या. दुसरा मुलगा तिथेच उभा होता. घाटघरचा. बनियन घालून तयार.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या अंगात स्वेटर चढवला, वरून कोणाचं तरी घोंगडं गुंडाळलं आणि म्हणाले, "पळ."

मी मैदानाला फेऱ्या घालू लागलो. वाटेत पाण्याचा टँकर उभा होता. त्याचा नळ गळत होता आणि खाली चिखल झाला होता. दर फेरीला मी त्या नळाजवळून जायचो. मास्तर दर वेळी माझ्याकडे बघत होते असं नाही. ते पंचांशी बोलत होते, घड्याळ बघत होते. मला ओंजळ भरून पाणी पिता आलं असतं. मी प्यालो नाही. मला खेळायचं होतं. वडील शेटच्या टेम्पोतून सामने बघायला येणार होते. नंतर ऊन पांढरं दिसायला लागलं, घाम यायचा थांबला, आणि तो थांबला म्हणजे वजन उतरलं असं मला वाटलं. त्यापुढचं मला आठवत नाही.

मास्तरांनी मला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत पळत नेलं, असं पोरं सांगतात. एक भाजीचा टेम्पो आडवा होऊन थांबवला. मंचरच्या दवाखान्यातून पुण्याला हलवलं. अंगातलं पाणी संपून मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. काही आठवडे यंत्रावर गेले. मी वाचलो, पण डॉक्टरांनी सांगितलं की आता धावायचं नाही, खेळायचं तर नाहीच. आजही मी पुण्यात कामावर जाताना जिना थांबत थांबत चढतो.

दवाखान्यात मास्तर रोज यायचे. पण खोलीत येत नसत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. वडील खाली जेवायला गेले की माझ्यावर लक्ष ठेवायचे, तेही दारातूनच. एकदा मला जरा बरं वाटत होतं, तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, आत सरका, लई जागा हाय." ते हसले. मग तोंड फिरवून व्हरांड्यात गेले आणि त्या दिवशी परत दारात दिसले नाहीत.

अशी केस आली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. त्यामुळे आमच्यापैकी कोणाची तक्रार नसतानाही गुन्हा दाखल झाला. निष्काळजीपणाने दुसऱ्याला गंभीर इजा केली, असा. सामने भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी जबाब दिला की आम्ही फक्त वजन केलं, पळवायला आम्ही सांगितलेलं नाही. ते खरंच होतं. मैदानावर डॉक्टर का नव्हता, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

खटला घोडेगावच्या कोर्टात उभा राहायला बराच काळ गेला. तोवर आमच्या घरी दोन बाजूंनी माणसं यायची. वस्तीतले काही म्हणायचे, जबर तक्रार द्या, आपलं पोर होतं म्हणून उन्हात पळवलं. गावातले म्हणायचे, मिटवून टाका, मास्तर देवमाणूस. वडील दोघांनाही चहा द्यायचे आणि दोघांनाही उत्तर द्यायचे नाहीत. आई एकदा म्हणाली, समदे पोराबद्दल बोलत्यात, पोराशी कोन बोलत न्हाई. मला तर तेही नको होतं. माझ्यामुळे एवढा माणूस अडकला, असंच मला सारखं वाटायचं. मी आजारी पडलो होतो आणि तरी मीच काहीतरी केलं आहे, असं घरात वावरायचो.

मास्तरांच्या वकिलांनी सरळ मार्ग काढला होता. अशा गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. जखमीकडच्यांनी आणि आरोपीने सह्या करायच्या, न्यायाधीशांनी मान्य केलं की सुटका. वकील आमच्या घरी आले आणि त्यांनी वडिलांना समजावलं की शिक्षा झाली, मग ती कितीही लहान असो, तर एसटीचं खातं मास्तरांना ठेवणार नाही. त्यांची दोन पोरं शिकतायत. वडिलांनी सही केली. सही करताना त्यांचा हात इतका घाईत होता की वकिलांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. त्या दिवसांत वडील शेडवरून घरी आले की हात पुन्हा पुन्हा धुवायचे.

वकिलांनी दुसरीही तयारी ठेवली होती. तडजोड अडली तर मी साक्ष द्यायची: मी स्वतःहून पळालो. मी ते वाक्य पाठ केलं होतं. पाठ करताना मला ते अर्धं खरं वाटायचं. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

मास्तरांचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला त्यांच्या नोकरीवर करायचा नाही. खात्याने चौकशी केली आणि त्यांना कमी केलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेने त्यांना मैदानावर यायला बंदी घातली. ती बंदी काही वर्षांचीच होती, पण ती संपल्यावरही ते गेले नाहीत. ते बायकोच्या माहेरी, निमगाव सावाला राहायला गेले आणि मेहुण्याच्या शेतात राबू लागले. घाटघरचा मुलगा पुढे दुसऱ्या संघातून चांगला खेळला, असं ऐकलं. मागच्या वर्षी मास्तर वारले. मला दोन दिवसांनी कळलं. मी गेलो तेव्हा अंगणात फक्त त्यांची सायकल उभी होती.

पण मला सांगायचं आहे ते कोर्टातल्या दिवसाचं.

वडिलांनी त्या दिवशी हमालीला खाडा केला होता. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने घोडेगावला गेलो. मास्तर आधीच आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खाकीशिवाय ते मला वेगळेच कोणी वाटले. वकिलांनी त्यांच्यापुढे तडजोडीचा कागद धरला आणि पेन दिलं. मास्तरांनी पेन घेऊन परत त्यांच्याच खिशाला लावलं.

वकील दबक्या आवाजात रागावले. नोकरीचं, पोरांचं सगळं पुन्हा सांगितलं. मास्तर म्हणाले, "तडजोड दोगांच्या भांडनात व्हत असती, साहेब. त्यांनी माझ्याशी कवा भांडन केलं?"

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं.

"हाय."

त्यांनी विचारलं, परिणाम समजतात का, कोणी दबाव आणला आहे का. तुमच्या वकिलांचं तर वेगळं म्हणणं दिसतंय. वकील दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"पोराला मी पळवलं," मास्तर म्हणाले. "त्यो नको म्हनला असता तर मी त्याला मागचं-पुढचं लई ऐकवलं असतं. म्हनून त्यो नको म्हनला न्हाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग लिहू लागल्या. माझ्या साक्षीची गरज उरली नव्हती. मी पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. त्या नळाबद्दल मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हे मी अजूनही ठरवतो आहे.

शिक्षा झाली ती अशी: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहायचं. तुरुंग नाही. वकील बाहेर जाताना पुटपुटले, या एवढ्यासाठी माणसानं नोकरी घालवली. मास्तर भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. पुढच्या केसेस सुरू झाल्या. बांधाची भांडणं, पोटगी, दारूची केस. माणसं येत होती, जात होती. मास्तर समोर बघत होते.

दुपारनंतर वडील उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. शिपाई आला. म्हणाला, "पावणं, ही आरोपीची जागा हाय."

"असू द्या," वडील म्हणाले. "माझी कुनाला अडचन व्हतीय का?"

शिपायाने बाईंकडे पाहिलं. बाईंचं लक्ष नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं. तो निघून गेला. मी मागच्या बाकावर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

वडील म्हणाले, "मास्तर, त्यो काटा... मला ठावं व्हतं. वजन मीच सांगायचो."

समोर एक म्हातारी आपली तारीख पुढे गेल्याचं ऐकून पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "आख्ख्या गावाला ठावं व्हतं. मी सोता हसलोय त्याच्यावर."

"माझा हात व्हता काट्यावर. बोललो असतो तर..."

"तर काम गेलं असतं तुमचं." मास्तर वडिलांकडे न बघता बोलत होते. "आन् काटा खोटा व्हता त्यो गावाकडं. तिथला काटा खरा व्हता की. तिथं शेचाळीस दिसलं मला. राखीव पोरगं शेजारी हुभं व्हतं, बनियन घालून. त्याला मैदानात घातला असता तर आपन हारलो असतो, एवढंच. मला तुमचंच पोरगं पायजे व्हतं. मला कप पायजे व्हता. हे काट्यावर कसं ढकलू?"

वडिलांनी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते मला मागून कळलं नाही. वडिलांचे हात मांडीवर उताणे पडले होते, हमालीने घट्टे पडलेले.

संध्याकाळी बाई उठल्या. सगळे उभे राहिले, तेव्हा हे दोघंही उभे राहिले. बाई आतल्या दाराने गेल्या. वकील, पोलीस, कारकून, सगळे बाहेर पडले. मी दारापाशी जाऊन वळून पाहिलं, तर ते दोघं पुन्हा बाकावर बसले होते.

शिपाई एकेक खिडकी लावत त्यांच्यापर्यंत आला. "उठलं कोर्ट, भाऊ," तो म्हणाला. "झाली तुमची शिक्षा. जावा आता."

"हां," मास्तर म्हणाले.

शिपायाने थोडं थांबून पाहिलं आणि जाता जाता बटण दाबून पंखा बंद केला. पंख्याचा वेग कमी होत गेला, आणि त्याची पाती वेगवेगळी दिसू लागली तरी त्याच्याखाली ते दोघं तसेच बसून होते.